दादांच्या टेकडीवरचे तीन रविवार

फोनवर दादांचं नाव दिसलं आणि पलीकडच्याला 'हॅलो' म्हणायचीही सवड न देता मी सांगून टाकलं, "दादा, एकोणीस. सगळे मधुबाज. प्रबळगडाच्या अंगाने आले, डोक्यावर दोन चकरा मारल्या आणि कर्नाळ्याच्या सुळक्याला वळसा घालून दक्षिणेला गेले." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मला वाटलं, दादा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकताहेत. म्हणून मी पदरचा आणखी एक पक्षी घातला... "आणि मागून एक भोवत्या, अगदी खालून, शेताला पोट घासत." तेव्हा माझ्या बायकोचा, वैशालीचा, आवाज आला. "अहो, दादा गेला."

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. त्या रविवारी सकाळपासून ती त्यांच्याच उशाशी, करंजाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये होती. फोन त्यांचाच, आणि त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून तो कायम स्पीकरवर. म्हणजे माझे एकोणीस मधुबाज आणि तो एक भोवत्या वैशालीने ऐकले, वहिनींनी ऐकले, नाडी बघायला आलेल्या शेजारच्या डॉक्टरांनीही ऐकले. ज्यांच्यासाठी जमवले होते त्यांनी तेवढे ऐकले नाहीत. आणि एवढ्यावरच हा प्रकार थांबता तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. मोठ्या मेहुण्याच्या निधनाच्या बातमीला पक्ष्यांचा आकडा सांगणारा माणूस एवढीच माझी नामुष्की झाली असती, आणि असल्या नामुष्कीची मला सवय आहे.

दादा पनवेलच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. अख्खी नोकरी गाड्या सोडण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी पक्षी सोडायला घेतले, असं मी म्हणायचो. पाऊस संपला की उत्तरेकडचे मधुबाज, भोवत्या यांसारखे शिकारी पक्षी थंडीसाठी दक्षिणेला उतरू लागतात. ऊन चढलं की जमिनीवरची तापलेली हवा वर जाते, त्या हवेत हे पक्षी पंखही न हलवता गोल गोल उंच चढतात आणि पुरेशी उंची मिळाली की एकामागून एक रांगेने पुढच्या प्रवासाला निघतात. शिरढोणच्या मागे एक बोडकी टेकडी आहे, तिथून हे सगळं समोर दिसतं. ऑक्टोबर ते डिसेंबर दादा तिथे घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि जाणारा प्रत्येक पक्षी मोजायचे. गोल फिरणाऱ्या थव्यात मोजायचं नाही, हा पहिला नियम. तोच पक्षी चारदा मोजला जातो. रांग सुटली की मोजायचं. "स्टँडवरची गर्दी मोजू नका प्रकाशराव," ते म्हणायचे, "गाडी सुटल्यावर आत किती बसले ते मोजा."

पहिल्यांदा मला नेलं तेव्हा मी तासाभरात चाळीस गरुड मोजून दाखवले होते. ते सगळे पळस्प्याच्या हॉटेलांमागे कचऱ्यावर फिरणाऱ्या घारी निघाल्या. दादा हसले नाहीत. "या पासवाल्या," ते म्हणाले, "रोज याच मार्गावर असतात. यांना सोडून द्यायचं." मग त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यातून हळूच काढून आपल्या गळ्यात घातली. पुढची सगळी वर्षं मी त्या टेकडीवर फक्त डबा उघडायच्या वेळेला उपयोगी पडलो.

त्यांची माझी पहिली भेट वैशालीला बघायला गेलो तेव्हाची. पोहे झाल्यावर दादा मला गच्चीवर घेऊन गेले. आता पगार विचारणार, दारूचं विचारणार, म्हणून मी उत्तरं जुळवत होतो. त्यांनी विचारलं, "डोळे कसे आहेत?" मी म्हटलं, "चष्मा आहे, पण नंबर वाढत नाही." "मग ते काय ते सांगा," म्हणून त्यांनी आकाशातल्या एका ठिपक्याकडे बोट केलं. मी बराच वेळ बघून "पतंग" म्हणालो. लग्न ठरलं, पण दादांची माझ्याकडून असलेली एक आशा त्या गच्चीवर संपली ती संपलीच.

मी आमच्या घराण्यातला गोष्टी सांगणारा. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतं, प्रकाश, ती पेणच्या लग्नाची सांग. आम्ही सहकुटुंब चुकीच्या कार्यालयात जाऊन, आहेर देऊन, जेवून आल्याची ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती खरी किती आणि माझी किती हे आता माझं मलाही सांगता येणार नाही. सगळे हसतात. एकटे दादा, नेमकं मी वरपित्याच्या पाया पडतो त्या जागी, उठून गॅलरीत जायचे. मुद्दाम नाही. बाहेर काहीतरी उडालेलं असायचं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोत सगळे अंगठीकडे बघताहेत आणि दादा खिडकीबाहेर. मी त्यावर विनोद करायचो, पण मला ते लागायचं. हे लिहिताना पन्नाशी उलटलेल्या माणसाला शोभत नाही असं वाटतं, तरी लिहितो... त्या एका माणसाने माझी एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी असं मला तीस वर्षं वाटत होतं.

या वर्षी मोजणी सुरू झाली आणि दादांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी टेकडी बंद केली, मग जिना बंद केला, मग पलंगावरून उतरणंही बंद केलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या टॉवरमधले वाळत घातलेले कपडे दिसतात, आकाश दिसत नाही. टेकडीवर वार वाटून घेतलेले. शनिवार रेवतीचा, ती करंजाड्यातच राहणारी, दातांची डॉक्टर, मोजणीचे आकडे संगणकावर चढवण्याचं काम तिच्याकडे. मधले दोन-तीन दिवस जनार्दन पाटलांचे. पाटील शिरढोणचेच, धंदा डंपरचा. आसपासच्या बऱ्याच टेकड्या त्यांच्या डंपरमधून भरावाला गेल्या, ही एक मात्र त्यांनी ठेवली. "दादा बसतात म्हनून ठेवलीय," ते उघड सांगायचे, "नाय तं कवाच गेली असती." आणि रविवार दादांचा. तो रविवार त्यांनी मला दिला. रेवतीला दोन फेऱ्या करायला सांगता आलं असतं. पण मी पलंगाशी बसलो होतो आणि त्यांनी दुर्बीण माझ्याकडे सरकवली. "बघाल ना?" म्हणाले. एवढंच.

पहिल्या रविवारी मी खरंच गेलो. ढगाळ होतं. खुर्ची टाकली, दुर्बीण डोळ्यांना लावली, मान दुखली. तासाभराने मी फोन बघायला लागलो. मग ऊन निघालं तर मला ते लागायला लागलं, म्हणून पाटलांच्या आंब्याखाली लावलेल्या गाडीत जाऊन बसलो, आणि बसलो म्हणजे झोपलो. जाग आली तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. करंजाड्याला जाताना मी काय सांगायचं ते ठरवलं होतं. काही दिसलं नाही, असं सांगायचं. पण खोलीत शिरलो तर दादांनी वहिनींकडून केस विंचरून घेतले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट होता, आणि दोन उशांना टेकून ते दाराकडे बघत होते. "काय प्रकाशराव, किती?"

"सात," मी म्हणालो.

कुठून आले हो हे सात, मला माहीत नाही. पण दादांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "कुठल्या बाजूने?" मी म्हटलं, प्रबळच्या. "मग?" मग मी सांगायला लागलो. कसे आधी दोनच दिसले, कसा तिसरा ढगातून खाली उतरला, कसे सातही जण कर्नाळ्यावर घोळत राहिले. दादा हलले नाहीत. मधेच उठून जाण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती हे खरं, पण त्यांना जायचंही नव्हतं. वहिनींनी चहा आणला तर त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. माझी गोष्ट संपेपर्यंत चहा दारात थांबला. संध्याकाळी त्यांनी स्वतः रेवतीला फोन करून आकडा सांगितला. "आमच्या प्रकाशरावांनी मोजले," असं म्हणाले. मी तिथेच होतो.

दुसऱ्या रविवारचं तर मी कोणत्या तोंडाने सांगू. आदल्या रात्री मी मोबाइलवर वाचून काढलं, कुठला पक्षी किती उंचीवरून जातो, कोण एकटा जातो, कोण थव्याने, कोणाला कावळे त्रास देतात. अभ्यास करून खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. टेकडीवर गेलो, अर्धा तास खुर्चीत काढला आणि उरलेला वेळ गाडीत बसून गोष्ट बांधली. त्या दिवशी दादांच्या खोलीत बारा मधुबाज आले, एक पट्टेरी शेपटीचा भोवत्या आला आणि त्याच्यामागे लागलेले दोन कावळे आले. कावळ्यांची नक्कलही करून दाखवली. दादा हसले, खोकला येईपर्यंत हसले. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "प्रकाशराव, तुम्ही इतकं छान सांगता... माझ्या कधी लक्षातच आलं नाही हो."

तीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे मिळाले. आणि मला आनंद झाला, हे या सगळ्यातलं लिहायला सगळ्यात जड वाक्य आहे. आजारी माणसाच्या समाधानासाठी मी खोटं बोललो असं मला पुढे बऱ्याच जणांनी समजावलं. पहिले सात कदाचित त्यांच्यासाठी असतीलही. बारा मात्र माझ्यासाठी होते. एकोणीस हा आकडा तर तिसऱ्या रविवारी सकाळी दाढी करतानाच ठरला होता, आणि फोन आला तेव्हाही मी त्या आंब्याखाली गाडीतच होतो.

दादा गेले आणि माझे एकोणीस राहिले. दिवस झाले त्या दिवशी घरात माणसं जमली होती. वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, इकडे यांनी श्वास सोडला आणि त्याच मिनिटाला तिकडे एकोणीस पक्षी त्यांच्या टेकडीवर दोन चकरा मारून गेले. निरोप द्यायलाच आले जसे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मग तो माझ्याकडे वळायचा, कारण बघणारा मी. पेणच्या मावशींनी तर माझ्या डोळ्यांना हात लावून तो कपाळाला लावला. रात्रीपर्यंत चकरा दोनाच्या पाच झाल्या होत्या आणि एक पक्षी खाली उतरून दादांच्या खुर्चीवर बसला होता. तो मी बसवला नव्हता, शपथेवर सांगतो. पण तो बसला नाही असंही मी म्हणालो नाही. रेवतीही आली होती. तिने वहिनींकडून तो आकडा ऐकला आणि मला विचारून घेतला. "काका, एकोणीस ना? चढवते मग." मी मान हलवली.

आणि दादा कसे होते हे मला माहीत होतं. एकदा टेकडीवर कुणी हौशी पाहुणे म्हणाले होते, हे पक्षी दरवर्षी दादांना भेटायला येतात. दादा वरून नजर न काढता म्हणाले, "त्यांना आपण आहोत हेसुद्धा माहीत नाही. म्हणून तर बघायला बरं वाटतं." त्या माणसाच्या मरणाला मी एक चमत्कार चिकटवला होता, आणि त्यांच्या मोजणीत अडतीस मधुबाज असे घुसवले होते ज्यांना आकाशाने कधी पाहिलं नाही.

महिनाभर मी हे पोटात ठेवलं. मग एका संध्याकाळी वैशालीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. "वहिनींना कधी सांगताय?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना तेवढाच आधार आहे, कशाला काढून घ्यायचा? ती म्हणाली, "आधार तुम्हाला आहे. सगळे पाया पडताहेत तुमच्या डोळ्यांच्या."

वहिनींना मी सांगितलं. त्या माझ्यापुढची लाडवाची बशी उचलून आत घेऊन गेल्या, आणि मला वाटलं, झालं, या घरातला माझा लाडू संपला. पण त्या परत आल्या, पदराने हात पुसत. "मला कळायला हवं होतं," म्हणाल्या, "हे असले चमत्कार ते जिवंत असताना कधी झाले नाहीत, मग गेल्यावर कसे होतील." मग म्हणाल्या, "पेणच्या मावशींना मात्र तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार." मावशी हा लेख वाचतीलच. मावशी, खुर्चीवर कुणीही बसलं नव्हतं.

उरली टेकडी. गेल्या रविवारी वैशालीला घेऊन तिथे गेलो. रेवती आणि पाटील दोघंही होते. हंगाम संपत आला होता, ऊन मऊ होतं. दादांची खुर्ची पाटलांनी आणली होती, पण तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, डबे ठेवले होते. मी उभ्यानेच सांगितलं. सात खोटे, बारा खोटे, एकोणीस खोटे. पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "भाऊ, आजाऱ्याला बोललेलं खोटं, खोटं नसतं. मानूस खूश होऊन गेला ना? मंग बस झालं. मी पन दादांना सांगायचो, ही टेकडी तुमच्या नातवालाबी दिसंल. आता मलाच म्हाईत नाय, पुढच्या साली हाय का नाय." आणि त्यांनी माझ्या हातात भाकरी दिली. मला ती माफी घ्यायला इतकं बरं वाटलं की मी लगेच चावा घेतला.

रेवती हसली नाही, रागावलीही नाही. ती दगडावर बसून मोबाइलवर तिन्ही रविवार शोधत होती. आकडे काढून टाकले आणि मग मान वर करून विचारलं, "काका, इथे शून्य लिहू की कोरं सोडू?" मला फरक कळला नाही. तिने समजावलं. शून्य म्हणजे माणूस दिवसभर बघत बसला आणि काही गेलं नाही. कोरं म्हणजे कुणी बघितलंच नाही. पक्ष्यांच्या हिशेबात शून्यालाही किंमत असते, ती म्हणाली, कारण कुणीतरी त्यासाठी मान मोडून बसलेलं असतं. दादा शून्य लिहिताना सही केल्यासारखं लिहायचे.

पाटील, रेवती, वैशाली, तिघंही माझ्याकडे बघत होते. तोंडात भाकरी होती. "शून्य," मी म्हणालो. तिने तीन शून्यं लिहिली. सगळं आटोपलं असं मला वाटलं. तेवढ्यात कर्नाळ्याच्या बाजूने काहीतरी उंच गेलं आणि तिघांच्या माना एकदम वर झाल्या. मी उरलेली भाकरी खाल्ली.

परतताना पळस्प्याला गाड्या तुंबल्या होत्या. वैशालीने पायाशी ठेवलेली दादांची दुर्बीण मांडीवर घेतली, तिचा पट्टा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग समोरच्या ट्रककडे बघत म्हणाली, "त्या तीन रविवारी तुम्ही वर बघत होतात?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

"बाकीचा वेळ काय गेलं वरून?"

ट्रक थोडा सरकला, मी गाडी थोडी सरकवली.

"रेवतीला फोन लावा," ती म्हणाली, "आत्ता लावा, मी धरते. सांगा, कोरं सोड म्हणून. माझा भाऊ पलंगावर होता आणि तुम्ही गाडीत झोपला होतात. टेकडीवर कुणी नव्हतं."